तीस अंशांच्या खाली

१

कागदोपत्री सगळे स्वच्छ होते, आणि परीक्षकबाईंना पहिली किळस आली ती त्या स्वच्छतेचीच.

एका बांधकामावर क्रेन कलंडली होती. आकड्याला टांगलेला सिमेंटचा अवजड नळ खाली उभ्या असलेल्या माणसावर पडला आणि तो जागीच गेला. चालक केबिनसकट आपटला. डोक्याला मार लागून तो वाचला, पण त्या दिवसाची आठवण पुसून गेली. अपघाताच्या चौकशीसाठी परीक्षकबाईंच्या टेबलावर तीन अहवाल आले: क्रेनमालकाचा, विमा कंपनीचा आणि क्रेनवरचे सुरक्षायंत्र बनवणाऱ्या कंपनीचा. तिन्हींत एक वाक्य स्वल्पविरामासकट सारखे होते. चालकाने कोन मोजणारा सेन्सर तारेने बांधून ठेवला होता, असे त्या वाक्याचे म्हणणे होते.

सेन्सर कशासाठी बांधतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. क्रेनचा लांब हात, म्हणजे बूम, जितका आडवा होतो तितके ओझे क्रेनपासून दूर जाते, आणि जितके दूर तितके कमी वजन पेलते. सुरक्षायंत्र बूमचा कोन मोजते, त्यावरून ओझ्याचे अंतर काढते आणि मर्यादा ओलांडली की भोंगा वाजवून क्रेन अडवते. काही चालक घाईच्या वेळी सेन्सर बांधून यंत्राला फसवतात. बूम उभाच आहे असे त्याला वाटत राहते.

या अपघातात भोंगा वाजला नव्हता. यंत्राच्या स्मृतीत कोन राहत नाही, फक्त अंतर राहते. कंपनीने त्या अंतरावरून उलटा हिशेब करून कोन काढला होता त्रेचाळीस अंश. त्रेचाळीस अंशांवर ती क्रेन कलंडणे शक्य नव्हते. म्हणजे बूम प्रत्यक्षात आणखी खाली होता, म्हणजे यंत्र फसवले गेले होते, म्हणजे चालक दोषी.

परीक्षकबाई मूळच्या भौतिकशास्त्राच्या. मापनाच्या प्रयोगशाळेत अर्धे आयुष्य काढून त्या या कामाकडे वळल्या होत्या. त्यांनी तो युक्तिवाद दोनदा वाचला. सेन्सर बांधला होता हे यंत्र बरोबर आहे असे धरून सिद्ध केले होते, आणि यंत्र बरोबर आहे हे सेन्सर बांधला होता असे धरून. तार मात्र कुठेच सापडली नव्हती. ती तुटून हरवली असावी, असेही अहवालात होते. हरवलेल्या तारेवर एका माणसाचे उरलेले आयुष्य टांगले होते, आणि ज्यांनी टांगले त्यांनी खाली वळणदार सह्या केल्या होत्या.

चालक इस्पितळात होता. कबुलीवर सही करायला तो तयार झाल्याचे विमा कंपनीने कळवले होते. सही झाली की चौकशी बंद होणार होती.

त्यांनी आधी चालकाच्या घरी जायचे ठरवले. दार त्याच्या बायकोने उघडले. मेलेला माणूस तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

२

चालकाच्या बायकोने पाणी दिले, चहा विचारला नाही. नवरा शुद्धीवर आल्यापासून ती एकदाही इस्पितळात गेली नव्हती. तिथे सासूबाई होत्या. भावाचे बूट दाराशी होते. ते हलवायचे धैर्य कोणाला झाले नसावे, की कोणी हलवू नयेत अशी तिची सक्त ताकीद असावी, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते.

तिने विचारले, "तुम्ही यांच्या बाजूच्या की कंपनीच्या?"

"मोजमापाच्या."

"म्हणजे कोणाच्याच नाही." तिने पदराने टेबल पुसले, जे आधीच स्वच्छ होते. "ताई, मला एवढंच सांगा. माझ्या भावाला यांनी मारलं का? हो असेल तर हो म्हणा. पण गोलगोल बोलू नका. महिना झाला, सगळे गोलगोलच बोलतात."

परीक्षकबाईंनी आश्वासन दिले नाही. त्यांनी कोण कोण येऊन गेले ते विचारले. विम्याचा माणूस आला होता, त्याने आधी कागद काढले आणि मग तोंड पाडले. क्रेनमालकाने माणूस पाठवला होता, त्याचे लक्ष सारखे फोनकडे होते. आणि अगदी दुसऱ्याच दिवशी, घरात अजून रडारड चालू असताना, सुरक्षायंत्राच्या कंपनीतले एक म्हातारे गृहस्थ आले होते. ते कोपऱ्यात बसले, डोळे पुसले आणि जाताना एवढेच म्हणाले, की चालकाने बूम तीसच्या खाली न्यायलाच नको होता.

"तेवढा एकच माणूस माणसासारखा वागला," ती म्हणाली. "बाकीचे नुसता अत्तराचा वास मागे सोडून गेले."

तिथून परीक्षकबाई थेट भंगाराच्या आवारात गेल्या. क्रेन तिथे कुशीवर पडली होती. बूम पडताना जमिनीला टेकला, त्यामुळे कोसळण्याआधी तो किती अंशांवर होता हे त्याच्याकडे पाहून कळणे अशक्य होते, आणि आजवर ते कोणी शोधलेही नव्हते. बूम उचलणारा जाडजूड दट्ट्या मात्र धक्क्याने वाकला होता, आणि तो नळीतून जितका बाहेर आला होता तिथे काठाचा गोल ओरखडा त्याच्यावर उमटला होता. तेलाने काळे झालेले चिखलाचे पापुद्रे खरवडून त्यांनी तो ओरखडा स्वच्छ केला आणि तिथपर्यंतची लांबी मोजली. त्या लांबीवरून कोन काढणे हे शाळेतले गणित होते.

साडेअठ्ठावीस अंश.

हा आकडा तोवर कोणालाच माहीत असायला नको होता.

३

कंपनीच्या कचेरीत कृत्रिम गुलाबाचा वास इतका दाट होता की जिभेवर त्याची चव येत होती. स्वागतकक्षात मोठे मत्स्यालय होते. त्याच्या काचेवर आतून हिरवा थर चढला होता, आणि त्या थराआडून एक मासा तोंड उघडून मिटत होता. समोरच्या भिंतीवर चौकटीत मढवलेले मोठे चित्र होते: चिपच्या तपासणीचा आलेख, हजारो निळे ठिपके, आणि त्यांच्यामध्ये जाड अक्षरांत ‘एकही चूक नाही’.

विभागप्रमुख पुदिन्याच्या गोळ्या चघळत बोलत होते. घटना दुर्दैवी आहे, असे ते तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. माणसे सुधारत नाहीत तोवर यंत्रांनी काय करावे, असा त्यांचा सूर होता. चिपच्या आतले आपल्याला फारसे कळत नाही, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. त्यासाठी गुरुजी होते.

गुरुजी म्हणजे चिपचे आराखडाकार. ते निवृत्तीला टेकलेले आणि मृदू बोलणारे होते. अर्धी कंपनी त्यांच्याच हाताखाली शिकली होती, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी कागदावर एक वक्र काढला आणि परीक्षकबाईंना विद्यार्थिनीसारखे समजावून सांगितले. अंतर काढायचे तर बूमच्या लांबीला कोनाच्या कोज्येने गुणायचे, शाळेत जिला सगळे कॉस म्हणत त्या कोज्येने. हे काम प्रोग्रॅमकडून करून घेतले तर छोट्या चिपला वेळ लागतो, आणि क्रेनवर वेळ लागून चालत नाही. म्हणून त्यांनी कोज्येसाठी चिपमध्ये स्वतंत्र विद्युतमंडळ बसवले होते. दर पंधरा अंशांवर कोज्येचे नेमके मूल्य कायमचे कोरलेले.

"हे खांब," ते वक्रावर ठिपके देत म्हणाले. "आणि दोन खांबांच्या मधल्या जागेसाठी दुरुस्तीची एकेक ओळ. कोन खांबापासून जितका पुढे, तितकी दुरुस्ती जास्त. गणित जवळजवळ फुकटात होतं."

त्या आराखड्याला बक्षीस मिळाले होते. बक्षिसाची पाटी कपाटात होती आणि कपाटाची काच रोज पुसली जात असावी.

तिसरी व्यक्ती म्हणजे तपासणी अभियंता. ती गुरुजींची सून होती. तिचे बोलणे तुटक आणि नेमके होते. आपली तपासणी आराखड्यावर अवलंबून नव्हती, असे तिने सांगितले. चिपचे उत्तर ती मोठ्या संगणकाने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहत असे. कोन यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढाव्यात तसे, निवडलेले होते, आणि एकही उत्तर चुकले नव्हते. अहवालावर सही तिची होती.

परीक्षकबाईंनी तिघांना वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारला: क्रेन कलंडली तेव्हा बूम किती अंशांवर असेल?

प्रमुखांनी खांदे उडवले आणि दहा-वीस असा अंदाज ठोकून दिला. सुनेने नोंदीवरून ते काढता येणार नाही, त्रेचाळीसच्या खाली एवढेच म्हणता येईल, असे उत्तर दिले.

गुरुजींनी वक्राचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "त्याबद्दल मी काय सांगणार? मला तर काहीच कल्पना नाही."

४

परीक्षकबाईंनी त्याच जातीचे नवेकोरे सुरक्षायंत्र मागवून घेतले. प्रयोगशाळेत त्याचा सेन्सर अंश कोरलेल्या चकतीवर बसवला, आणि बूमची लांबी त्या क्रेनइतकीच भरली. तिथे तारही नव्हती आणि फसवणारा चालकही नव्हता.

पंचेचाळीस अंशांवर अंतर बरोबर आले. तीसवर बरोबर आले. पंधरावर बरोबर. साठ आणि पंचाहत्तरवरही आकडा चोख होता. प्रत्यक्ष क्रेन तपासणारे मेकॅनिकही याच कोनांवर तपासतात, कारण बूमच्या बुडाशी रंगवलेल्या कोनपट्टीवर हेच आकडे असतात. जो आकडा रंगवलेला असतो तिथेच माणूस काटा थांबवतो. पुलाचा मजबूतपणा खांबावर उभे राहून तपासावा आणि समाधानाने घरी जावे, तसा हा प्रकार होता.

त्यांनी चकती साडेअठ्ठावीसवर आणली.

बूम खाली आला की ओझे दूर जाते. आकडा वाढायला हवा होता. तो धाडकन कमी झाला. यंत्राच्या मते ओझे खऱ्यापेक्षा सहाव्या हिश्शाने जवळ होते. भोंगा गप्प राहिला. पडद्यावर हिरवा दिवा शांतपणे जळत राहिला.

त्यांनी नोंदीतला आकडा शेजारी ठेवला. दोन्ही आकडे तंतोतंत एक होते. अपघाताच्या क्षणी यंत्राने जे अंतर नोंदवले होते, तेच अंतर तारेशिवाय, माणसाशिवाय, पांढऱ्याशुभ्र टेबलावर पुन्हा उगवले होते.

मग त्यांनी चकती हळूहळू फिरवत नेली. पंधरा आणि तीस हे दोन्ही खांब शाबूत होते. मधल्या सगळ्या जागेत मात्र यंत्र धडधडीत खोटे बोलत होते, आणि तीसच्या जितके जवळ जावे तितके मोठ्याने. खोट्याचा आकारही ओळखू येत होता. बूम जवळजवळ उभा असताना जी तीव्र दुरुस्ती लागते, तीच इथे आडव्या बूमला लावली जात होती. चिप लहान करताना दुरुस्तीच्या या एका ओळीसाठी जागा उरली नव्हती. तिकडे नेणारा चिपमधला पत्ता आखूड पडून उभ्या बूमच्या ओळीवरच जाऊन आदळत होता.

चूक कळली, आणि तिचा तिरस्कार करण्याचे कारण नव्हते. चुका होतात. पण हजारो यादृच्छिक कोनांनी केलेल्या तपासणीत ती सापडली नाही, हे कसे?

परीक्षकबाईंनी यंत्राची वीज तोडली. हिरवा दिवा विझायला उगाचच वेळ लागला असे त्यांना वाटले.

५

दुसऱ्या दिवशी त्या स्वागतकक्षात कोणाची वाट न पाहता भिंतीवरच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. आडव्या अक्षावर कोन, उभ्या अक्षावर चूक, आणि शून्याच्या रेषेभोवती ठिपक्यांची धूळ. सगळीकडे धूळ होती. फक्त पंधरा आणि तीसच्या मध्ये एकही ठिपका नव्हता. ‘एकही चूक नाही’ ही अक्षरे नेमकी त्या रिकाम्या पट्ट्यात बसवली होती.

त्या पट्ट्याच्या दोन्ही काठांवर, बरोबर पंधरावर आणि बरोबर तीसवर, मात्र ठिपक्यांचे उभे दाट खांब होते.

प्रमुख मागून आले. चित्र आपल्याच सांगण्यावरून लावल्याचे त्यांनी सांगितले. सजावटवाल्याला घोषणेसाठी जागा हवी होती आणि तिथे रिकामी जागा होती. त्यांनी गोळी दाताने फोडली. तो आवाज त्या सुगंधी खोलीत फार ओला वाटला.

परीक्षकबाईंना त्यांच्याबद्दल वाटणारा संशय तिथेच संपला, किळस मात्र संपली नाही. ज्याला त्या रिकाम्या पट्ट्याचा अर्थ माहीत आहे, तो त्यावर अक्षरे रंगवून ते चित्र येणाऱ्याजाणाऱ्यासमोर टांगत नाही.

सून त्यांना उपाहारगृहात भेटली. समोरच्या कॉफीवर धरलेली साय ती चमच्याने बाजूला सारत होती. परीक्षकबाईंनी तिला चित्राबद्दल काही सांगितले नाही. कोन कोणी निवडले, एवढेच विचारले.

या कामाचा पहिला नियम तिनेच उच्चारला: ज्याने वस्तू बनवली, त्याने ती कशी तपासायची हे ठरवायचे नाही. त्याच नियमासाठी तपासणीचा वेगळा विभाग असतो. पण ती नवीन सून होती, कामाची घाई होती, आणि एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सासऱ्यांनी तयार कोनांची फाइल तिच्यासमोर सरकवली होती. संगणकाने निवडलेत, तुझे दोन दिवस वाचतील, असे म्हणाले होते. आपण त्यांना एकदा विचारलेही होते, ती म्हणाली, की मध्येच एवढी मोकळी जागा कशी.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, यादृच्छिक गोष्टी अशाच असतात, कुठे दाट कुठे विरळ. सासूबाई भाजी वाढत होत्या. मी पुढे नाही विचारलं." तिने चमचा खाली ठेवला. "बाबांना कोण काय विचारणार?"

६

बैठकीच्या खोलीत प्रमुख, गुरुजी आणि सून तिघेही होते. परीक्षकबाईंनी यंत्र टेबलावर ठेवले, चकती फिरवली आणि आकडा सगळ्यांना वाचू दिला. मग त्यांनी घटनाक्रम सांगितला, एखादे प्रमेय मांडावे तसा.

चूक कोणालाच माहीत नसती, तर हजारो यादृच्छिक कोनांतले काही तरी त्या पट्ट्यात पडलेच असते. तो भाग तपासायचाच नाही असे कोणी प्रामाणिकपणे ठरवले असते, तर काठही गळाले असते. इथे मधली जागा गळाली होती आणि काठ मुद्दाम भरून काढले होते, म्हणजे पट्टा झाकलेला दिसावा. जिथे उत्तर बरोबर येते आणि जिथे चुकते, त्यांतली सीमा ज्याला अचूक माहीत आहे, त्यालाच ते जमते. अज्ञान इतके नेमके नसते.

"असे दोघे असू शकतात," त्या म्हणाल्या. "आराखडा करणारे आणि तपासणारी. कोनांची फाइल कोणी दिली याबद्दल एकाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द, एवढाच पुरावा असता तर मी इथे आले नसते."

गुरुजींनी सुनेकडे पाहिले. त्या पाहण्यात विनंती होती, आणि ती इतकी उघडी होती की परीक्षकबाईंनी नजर वळवली.

मग त्यांनी दट्ट्यावरच्या ओरखड्याचे सांगितले. बूम तीसच्या खाली होता हे त्या ओरखड्यामुळे आठवड्यापूर्वी कळले. त्याआधी ते कोणीही मोजलेले नव्हते. आणि तरी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ मेलेल्याच्या बहिणीकडे जाऊन म्हणाले होते, की बूम तीसच्या खाली न्यायलाच नको होता. तीसच का? क्रेन कलंडली आणि भोंगा वाजला नाही, एवढ्या बातमीवरून तीस हा आकडा फक्त एकाच माणसाला सुचू शकत होता.

"तुम्ही मला म्हणालात, काहीच कल्पना नाही."

खोलीत गुलाबाचा वास होता. यंत्राच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

गुरुजी शेवटी बोलले, तेव्हाही आवाज मृदूच होता. "चूक म्हणू नका. चिप छापून आली तेव्हा लक्षात आलं. साचे परत करायचे म्हणजे सगळंच परत. आणि इतका आडवा बूम कोण नेतो? क्वचित. पुढच्या आवृत्तीत मी दुरुस्त केलंय ते. गाजावाजा न करता."

"म्हणजे तुम्हाला दुरुस्ती येत होती."

"माझं आयुष्य गेलंय त्या मंडळात."

"दुसऱ्याचंही गेलं." परीक्षकबाईंना या माणसाचा राग येत नव्हता. बंद डबा बऱ्याच दिवसांनी उघडल्यावर जे वाटते तेच वाटत होते. "तिच्या घरी का गेलात?"

"राहवलं नाही. कोणीतरी धीर द्यायला हवा होता तिला."

"धीर दिलात, आणि दोष तिच्या नवऱ्यावर ठेवून उठलात. तारेचं वाक्य कोणाचं?"

उत्तर प्रमुखांनी दिले. वाक्य गुरुजींनीच लिहून दिले होते, आणि विमा कंपनीने आणि क्रेनमालकाने ते जसेच्या तसे उचलले होते. हे सांगताना त्यांच्या स्वरात सुटकेचा आनंद होता. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, की हे सगळे बाहेर जायलाच हवे का. पुढची आवृत्ती तर दुरुस्त आहे. बाईंना परिस्थिती समजत असेलच.

परीक्षकबाईंनी त्यांना कळवले, की हे यंत्र बसवलेल्या सगळ्या क्रेन थांबवण्याचा आदेश त्या इथे यायच्या आधीच देऊन आल्या आहेत.

"सगळ्याच?" प्रमुखांचा गाल पहिल्यांदाच थांबला. मेलेल्या माणसाविषयी बोलताना तो कधी थांबला नव्हता.

सून इतका वेळ टेबलाकडे पाहत होती. तिने मान वर केली. "बाबा, त्या अहवालावर सही माझी आहे."

"तुझं नाव व्हावं म्हणूनच तर—"

"माझी सही आहे, बाबा. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला पेन दिलंत."

ती परीक्षकबाईंकडे वळली आणि आपला जबाब आत्ताच लिहून घ्या म्हणाली, तिच्या स्वतःच्या चुकीसकट. गुरुजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला. ती खुर्चीसकट मागे सरकली, आणि तो हात हवेत तसाच राहिला, बोटे किंचित वाकलेला, म्हाताऱ्या माणसाचा स्वच्छ हात.

७

चालकाच्या बायकोला परीक्षकबाईंनी उत्तर दारातच दिले.

"नाही," त्या म्हणाल्या. "यांनी नाही मारलं."

तिने चौकटीला धरले. मग आत जाऊन पिशवी घेतली आणि चपला घातल्या. वाटेत गाडीत परीक्षकबाईंनी सगळे सावकाश, पहिल्यापासून सांगितले: खांब, मधली जागा, म्हाताऱ्याने सुनेसमोर सरकवलेली फाइल. म्हाताऱ्याचा उल्लेख आला तेव्हा तिने फक्त विचारले, तोच का जो रडला. हो म्हटल्यावर ती खिडकीबाहेर थुंकली.

इस्पितळाच्या दालनात दुपारचे ऊन होते. सासूबाई तिला पाहून उठल्या, आपले स्टूल तिच्याकडे ढकलले आणि बाहेर गेल्या. चालकाच्या डोक्यावरचे केस एका बाजूने काढलेले होते. बायको समोर आल्यावर त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. उशाशी विमा कंपनीचा कागद होता. त्यावर सही अजून झालेली नव्हती.

परीक्षकबाईंनी त्याला सांगितले, की तारेची गोष्ट खोटी आहे आणि यंत्रच चुकले होते. त्याने ऐकून घेतले. मग हळू आवाजात, समजूत काढावी तसा म्हणाला, की बाई, तुम्ही चांगल्या आहात, पण तार मी बांधली होती. मला आठवते.

"काय आठवतं?" बायकोने विचारले. भावाच्या मृत्यूनंतर ती त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द होते.

"तार. पिवळी. सेन्सरला तीन वेढे दिले मी. डोळे मिटले की दिसते."

"आपल्या घरात पिवळी तार कधी होती?"

"कामावरून घेतली असेन."

परीक्षकबाईंनी विचारले, की सेन्सर असा बांधलेला त्याला कोणी दाखवला होता का. हो, तो म्हणाला. विम्याचे साहेब फोटो घेऊन आले होते, दुसऱ्या कुठल्या तरी क्रेनचा. चालक लोक असे करतात म्हणून दाखवायला. रोज यायचे. फोटो इथेच ठेवून जायचे, म्हणजे आठवायला बरे. त्याने उशीखालून तो काढून दिला. फोटोत सेन्सरला पिवळ्या तारेचे तीन वेढे होते.

एका माणसाची स्मृती मोकळी सापडली होती, आणि त्या रिकाम्या जागेत विमा कंपनीने आपला माल आणून ठेवला होता.

बायकोने फोटो पाहिला, तो परीक्षकबाईंच्या हातात दिला आणि स्टूल पलंगाला चिकटवून बसली.

"आठवत नाहीये तुम्हाला हे. तुम्हाला दाखवलंय."

"मग तो गेला कसा?"

"सांगते. इकडे बघा." तिने त्याचे तोंड भिंतीकडून वळवले, फार हळुवारपणे नाही. आणि तिने सांगायला सुरुवात केली: क्रेनमधल्या त्या डब्यात एक चिप असते, तिला दर पंधरा अंशांवर उत्तर पाठ असते, मधले तिला काढावे लागते, आणि तीसच्या खाली गेले की ती खोटे काढते, आणि हे एका म्हाताऱ्याला माहीत होते. ती सावकाश सांगत होती. भावाचे नाव आले तिथे थांबली आणि पुढे गेली. बूम खाली नेलात तेव्हा दिवा हिरवा होता, ती म्हणाली. तुम्ही हिरव्या दिव्यावर गेलात. तोही हिरव्या दिव्याखालीच उभा होता.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होते, ते तिने पदराने टिपले.

"पण तार पिवळी होती," तो म्हणाला.

तिने उशाशी असलेला कागद उचलला, चार तुकडे केले आणि पिशवीत टाकले. मग तिने स्टूल आणखी पुढे ओढले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.